बांधावरचं चालणं

वडगाव रासाईत माझ्या रानाकडं जायला एकच वाट, धाकट्या दिराच्या उसाला लागून गेलेला बांध. नवरा गेल्यापासून दीर दरवर्षी नांगराचं एक तास, एक ओळ, बांधातून जास्त घेतो. चार हात रुंद बांध पाऊलभर उरला. वाट मोडली की वहिनी झक मारत रान आपल्यालाच देणार, हा त्याचा डाव. माझे गुडघे धरले तेव्हा दारात येऊन म्हणाला, "वैनी, आता तुमच्यानं रान व्हायचं न्हाई. घरी बसा, देवाचं नाव घ्या." देवाचं नाव घेतलंच मी, पण आधी त्याच्या नावानं बोटं मोडली.

दौंडच्या डॉक्टरांनी सांगितलं, रोज अर्धा तास सावकाश चाला. गावातल्या बाकीच्या म्हाताऱ्या शाळेच्या पटांगणात फिरतात. मी बांध धरला. दुखऱ्या गुडघ्यांनी तिथं चालणं म्हणजे शुद्ध वेडेपणा, हे मलाही कळत होतं. पहिले आठ दिवस काठी टेकत, दहा पावलांवर थांबत गेले. पण रोज पाय पडतो तिथं वाट मोडली म्हणायला कुणाची जीभ रेटत नाही. महिनाभरात माती दबून घट्ट झाली, गुडघेही बरे वळायला लागले. दीर पाण्याची मोटार चालू करायला यायचा आणि मला बघून तोंड फिरवायचा. त्या तोंडासाठी मी सणावारीसुद्धा खाडा केला नाही.

मग त्यालाच साखर निघाली. डॉक्टर तेच, सल्लाही तोच. पटांगणात बायकांत फिरायची लाज, म्हणून एक दिवस सकाळी तो बांधावर समोरून आला. मधोमध गाठ पडली.

"वैनी, जरा बाजूला व्हा की."

"कुठं होऊ भावजी? जागा ठेवलीय व्हय तुम्ही?"

 शेवटी तो स्वतःच्याच भिजवलेल्या उसात उतरला आणि पोटरीपर्यंत रुतला. "हात द्या," म्हणाला.

"मला वाकायची मनाई हाय," म्हटलं आणि पुढं निघाले. मला मनापासून आनंद झाला. अजून होतो.

पुढच्या नांगरटीला त्यानं नांगर बांधापासून दोन हात लांबून नेला. त्यालाही चालायचं होतं ना! आता दोन माणसं सहज शेजारून जातील एवढा बांध आहे. मी मात्र मधोमधच चालते.