गाईच्या पोटावरचा अंगठा

मामोलेफी आमच्या शाळेत तिसरीला शिकवायची. सव्वीस वर्षं. भाषा, बेरजा, आरोग्य, सगळंच तिच्याकडे होतं. पण हा-सेखोन्याना गावात ती ओळखली जायची शुक्रवारच्या शेवटच्या तासामुळे. त्या तासाला मुलं मातीच्या गाई करत.

तिच्या लहानपणी गाई फक्त मुलगे करायचे. गुरं घेऊन डोंगरावर गेलेली पोरं ओढ्याकाठी बसून मातीचे कळपच्या कळप मांडत. मुलींच्या वाट्याला मक्याच्या बुरकुंडाच्या बाहुल्या. मामोलेफी आपल्या ताटातली उकड भावाला द्यायची आणि त्याच्याकडून माती तिंबायला शिकायची. पुढे तिच्या वर्गात मुलीही गाई करू लागल्या. एखाद्या आजीनं हटकलं की ही तिला म्मे, म्हणजे आई, अशी हाक मारून म्हणे, "लग्नात नवऱ्याकडून गाई पोरीच्याच नावानं येतात ना, म्मे? मग तिला दोन करता आल्या तर काय बिघडलं?"

तिचा एक नियम होता. मास्तरणीचा हात मुलाच्या मातीला लागायचा नाही. त्या तासाला ती हात पाठीमागे धरून बाकांमधून फिरे. गाय तीन पायांवर उभी राहिली तर तीन पायांवर. डुकरासारखी झाली तर डुकरासारखी. शेवटी मुलानं गाईच्या पोटावर आपला अंगठा दाबायचा. नाव लिहायचं नाही. "नाव कुणीही लिहील," ती म्हणे, "अंगठा कुठनं उसना आणणार?"

मी शेजारच्या चौथीला शिकवते. दुपारचा डबा आम्ही एकोणीस वर्षं एकत्र खाल्ला. ती मला औसी म्हणे, म्हणजे बहीण. नुसतं पुलेन असं तिनं मला कधी म्हटलं नाही.

त्या वर्षी आम्ही न्ताते, म्हणजे बाबा, म्हणायचो त्या मुख्याध्यापक सेफिरींनी बैठकीत सांगून टाकलं, की जिल्ह्याच्या प्रदर्शनात या खेपेला नंबर आला नाही तर शुक्रवारचा तास गणिताला जाईल. "सव्वीस वर्षांत एक कागद नाही आला भिंतीवर लावायला," ते म्हणाले. "गाई ओळखायलासुद्धा विचारावं लागतं."

"मुलांना विचारा ना मग," मामोलेफी म्हणाली. "ती सांगतात."

सगळे हसले. ती हसली नाही. त्या तासाशिवाय तिला शाळेत काही उरणार नव्हतं, आणि हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

प्रदर्शन बुधवारी होतं. आधीच्या गुरुवारी तिची थोरली बहीण वारल्याचा निरोप आला. माती शनिवारी, गाव लांब. जाताना तिनं सामानाच्या खोलीची किल्ली माझ्या हातात दिली.

"सावलीत राहू देत त्यांना, औसी. हात लावू नकोस."

खोलीत फळीवर प्रदर्शनाच्या सहा गाई होत्या, त्या ओल्या वाटत होत्या. बुधवारपर्यंत सुकणार नाहीत असं मला वाटलं, म्हणून शुक्रवारी सकाळी मी फळी उचलून उन्हात ठेवली. शनिवारी येऊन पाहते तर सहाही गाई तडकलेल्या. शिंगं गळालेली, एकीचं धड दोन ठिकाणी. मी तुकडे फडक्यात गोळा केले आणि ओढ्यात टाकले. मग तिथलीच माती घरी नेली आणि दुपारभर बसून सहा नव्या केल्या. चुलीपासून हातभर अंतरावर, शेणीच्या मंद आचेत सुकवल्या. घर लिंपून मातीला हात बसलेला होताच. माझ्या गाई गाईंसारख्या झाल्या. पोटावर अंगठा हवा, म्हणून अंगठाही दाबला. माझा.

सोमवारी ती परतली. डोळे सुजलेले होते.

"गवतात बांधून पेटीत भरल्यात," मी म्हटलं.

"तू आहेस म्हणून," ती म्हणाली. तिनं पेटी उघडली नाही.

बुधवारी जिल्ह्याच्या सभागृहात परीक्षक म्हणून एक म्हातारी कुंभारीण होती. ती प्रत्येक गाय उचलून मुलाला तिचं नाव विचारत होती. आमच्या तिसरीतल्या तेफोपुढे तिनं एक ठेवली.

"हिचं नाव काय रे?"

तेफोनं गाय फिरवून पाहिली. "माझ्या गाईचं एक शिंग खाली आलं होतं, म्मे. ही कुणाची ते ठाऊक नाही."

मागून कुणीतरी हसलं. "आपलीच गाय विसरला. सासऱ्याकडे काय नेणार हा?"

म्हातारी हसली नाही. तिनं गाय उलटी केली. "अंगठा घाल बघू."

माती सुकताना आक्रसते. मुलाचा अंगठा त्याच्याच ठशात कधी नीट बसत नाही, जरा मोठाच पडतो. तेफोचा अंगठा त्या ठशात सैल फिरला. म्हातारीनं आणखी पाच पाहिल्या. मग म्हणाली, "ही पोरांची कामं नाहीत. बाईंना बोलवा."

मामोलेफी पुढे आली. तिनं गाय हातात घेतली. माझ्या अंगठ्यावर विळ्याची आडवी खूण आहे. मातीत ती स्वच्छ उमटली होती. तिनं ती पाहिली, मग मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी तिच्यापासून चार पावलांवर होते. न्ताते सेफिरी माझ्या शेजारीच उभे होते.

"तुम्ही केल्यात?" म्हातारीनं विचारलं.

मामोलेफी थांबली. ती कशासाठी थांबली आहे हे मला समजत होतं. मी बुटांकडे पाहत राहिले.

"वर्ग माझा आहे," ती म्हणाली.

आमच्या शाळेचं नाव यादीतून काढलं. परत येताना गाडीत तेफोनं तिला विचारलं, "मग माझी कुठाय, म्मे?" तिनं त्याला आपल्या अंगावरच्या ब्लँकेटात घेतलं. मोडक्या गाई मोडक्याच नेल्या असत्या तरी तिचं काही अडलं नसतं, हे मला तिथे, त्या गाडीत बसल्यावर कळलं. तिचा तास वाचवायला मी त्या केल्या असं मी स्वतःला सांगत आले होते. पण मी तर माझी चूक झाकली होती.

सोमवारी न्ताते सेफिरींनी मला बोलावलं. "शुक्रवारच्या तासाला गणित तुम्ही घ्या. तुमच्यावर विश्वास आहे."

मी हो म्हटलं. एवढंच सोपं होतं ते.

त्या दुपारी मामोलेफी चौथीच्या दारात आली. डबा आणला नव्हता. सामानाच्या खोलीची किल्ली माझ्या टेबलावर ठेवून म्हणाली, "मातीच्या चाळण्या तीन आहेत. एकीची जाळी फाटलीय. फडकी धुवून ठेवलीत, पुलेन. भागाकारापासून सुरू कर, त्यात पोरं कच्ची आहेत."

आणि ती तशीच उभी राहिली. वर्गात कुणी नव्हतं. मी किल्ली उचलली, खणात टाकली, खण लावला. खण लागल्याचा आवाज झाल्यावर ती वळली आणि तिसरीच्या वर्गात गेली.