मोठा सी, लहान ए

परवा ठाण्याच्या लॅबमध्ये टेक्निशियनने माझ्या मानेवर स्पिरिटचा बोळा फिरवला. "एफएनएसी आहे मॅडम, गाठीत बारीक सुई घालून थोड्या पेशी काढायच्या, बस," ती म्हणाली. त्या गार वासाने मी थेट माझ्या नववीच्या वर्षात जाऊन पोचले.

कल्याणच्या दवाखान्याबाहेर आई, बाबा आणि मी बाकावर बसलो होतो. आईच्या गळ्यावर पट्टी होती, बाबांच्या हातात केसपेपर. आईला इंग्रजी येत नव्हतं. तिने मला विचारलं, "काय लिवलंय गं डॉक्टरांनी?"

'थायरॉइड'च्या आधी मोठा सी आणि लहान ए होता. रसायनशास्त्रात हे नुकतंच शिकवलेलं.

"अगं, हे कॅल्शियम! थायरॉइड म्हणजे गळ्यातली ग्रंथी. तुझं कॅल्शियम कमी झालंय, दूध पीत जा."

बाबा समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. आई बराच वेळ त्यांच्याकडे पाहत होती. मग माझ्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, "हुशार गं माझी पोर." मी केवढी फुलून गेले!

ती अक्षरं कार्सिनोमाची, म्हणजे कॅन्सरची होती, हे मला आई गेल्यावर अकरावीत कळलं. तिला शेवटपर्यंत काही माहीत नव्हतं असंच मी समजत आले. परवा मात्र माझ्या मुलीला "साधी तपासणी आहे गं" असं हसून सांगून मी घरून निघाले होते, म्हणून आईची ती नजर उमगली. बाबांच्या चेहऱ्यावर तिने आपलं मरण वाचलं होतं, आणि पुढच्याच क्षणी तिला माझं कौतुक सुचलं होतं.