मामीला दिसलेली खाच

हे लिहिणारच नव्हते. दोनदा टाइप करून पुसलं. पण मामी स्वतः कुणाला सांगणार नाही, म्हणून लिहितेय.

मामी जाहिरातींसाठी कॉम्प्युटरवर गाड्या बनवते. कॉम्प्युटरला खरा गोल जमतच नाही. तो बारीक सपाट त्रिकोण जोडून गोल असल्याचं सोंग आणतो. त्रिकोण जास्त झाले की मशीन रडतं, कमी झाले की कोपरे दिसतात. नजर रेंगाळते तिथे दाट, बाकी विरळ. यात मामीचा हात धरणारं ऑफिसात कुणी नाही.

एकदा हेडलाइटच्या वळणावर तिला खाच दिसली. तिने त्रिकोण दुप्पट केले. खाच तिथेच. चौपट केले. मशीनची गोगलगाय झाली, खाच काही जाईना.

"ताई, मला तर गुळगुळीत दिसतंय," शेजारच्या टेबलावरचा म्हणाला.

"तुला तुझ्या शर्टावरचा चहापण दिसत नाही."

तो हसला. मामी नाही हसली. जोडात चूक असेल म्हणून तिने अख्खा दिवा मोडून परत बांधला. असे आठवडे गेले. मग खाच बॉनेटवर आली, चाकावर आली. मामीला वाटलं, चूक प्रोग्रॅममध्ये पसरतेय.

एका सकाळी मामा समोर पेपर वाचत बसला होता. त्याच्या नाकाच्या जागी तीच खाच.

"अशी काय बघतेस? भूत बघितल्यासारखी?"

"हलू नकोस."

तिने डावा डोळा झाकला. नाक गायब. उजवा झाकला, नाक आलं. परत डावा झाकून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. खाच घड्याळावर जाऊन बसली.

डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या पडद्यामागे पाझरतंय, त्याने नजरेचा मधलाच भाग जातो. उजव्याचं गेलं ते गेलं, डाव्यात सुरुवात आहे. इंजेक्शनं देऊ, खात्री देत नाही.

"आधी बोलली का नाहीस गं?" जिना उतरताना मामाने विचारलं.

"मला वाटलं, कामात चूक आहे."

हल्ली कुणी आलं की मामी त्याला खिडकीशी बसवते. मान तिरकी करून नजरेच्या कडेने चेहरा बघत राहते. आधी चेहरेच पुसले जातात, हे तिला कळलंय. फोटो पाठवले तर म्हणते, फोटो नको, तू ये.

तुमचीपण अशी एखादी मामी, आत्या, कुणीतरी असेल. फोनवर भागवू नका. या रविवारी जा, आणि तिच्या समोर, उजेडात बसा.