आईची काळी द्राक्षवेल

मोखाड्याजवळच्या आमच्या पाड्यावर द्राक्षाची वेल? लोक हसायचे. हसू देत! आईने ती नाशिककडच्या मळ्यातून आणली होती. दर वर्षी पावसाळा सरला की जीप यायची आणि आई तिकडे द्राक्षांच्या छाटणीला जायची, ती थेट शिमग्याला परतायची. तोवर मी शेजारच्या मावशीकडे. एका दिवाळीला मात्र ती दोन दिवस आली आणि छाटलेली एक काडी ओल्या गोणपाटात गुंडाळून घेऊन आली. शिराज म्हणे, वाइनची काळी जात.

काडी लावताना मी विचारलं, "आई, तू घरी कधी राहशील?"

"हिला घड लागले की," ती म्हणाली.

झालं! मी त्या वेलीच्या मागेच लागले. शेण घाल, पाणी घाल, पावसात पानांवर दावण्या रोगाचे डाग पडले की ती खुडून लांब टाक. बांबूच्या मांडवावर नुसता पाला माजला. तीन वर्षं झाली तरी घडाचा पत्ता नाही. मी तर तिच्याशी कट्टीच घेतली.

चौथ्या वर्षी आई मळ्यात गेली आणि मी फोनवर रडले. ती हसली. "अगं वेडे, लाड केले की ही जात पालाच वाढवते. पाणी कमी कर. आणि छाटल्याशिवाय ती फळेल कशी?"

"मग तू का नाही छाटलीस?"

छाटणीच्या दिवसांत ती दर वर्षी दुसऱ्यांच्याच वेली छाटत असायची. ती हळूच म्हणाली, "कात्री घे. काडीला दोन डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या गाठी ठेव, बाकी उडव."

मावशीने फोन धरला, मी छाटत गेले. हिरवीगार वेल बोडकी झाली.

शिमग्याला बारके काळे घड लगडले होते. बुलबुलांनी खाऊ नयेत म्हणून मी आईची जुनी साडी वर बांधली होती. आईने एक मणी तोंडात टाकला. "काय ही जाड साल, आणि बियाच बिया!" म्हणत तिने अख्खा घड संपवला आणि डोळे पुसले. तिच्या शब्दाची आठवण करून द्यायचा मला धीर झाला नाही.

पाऊस सरला. जीपचा हॉर्न वाजला. आईची पिशवी आणायला मी घरात धावले, तर ती खुंटीवर रिकामीच. आई मागे मांडवाखाली उभी, हातात कात्री.

"त्याला म्हणावं, जा पुढे," ती म्हणाली. "माझ्या घरी छाटणी आहे."