धुतलेलं भूत

आपली फजिती आपल्याच तोंडानं सांगायची म्हणजे आधी घोटभर चहा पोटात हवा. घेतलात? मग ऐका, आणि मध्ये मध्ये हसू नका. शेवटी एकदम हसा, म्हणजे मला एकदाच लाजावं लागेल.

तर मी चाळीस वर्षं भूत होतो.

असं बघू नका. सिनेमातलं भूत. एक जुना हिंदी भयपट आहे. नाव सांगत नाही, कारण सांगितलं की तुम्ही घरी जाऊन शोधणार आणि माझी उरलीसुरली अब्रू जाणार. त्यात विहिरीतून भूत वर येतं. आधी ओले केस, मग चिखलानं माखलेलं तोंड, मग काठावर हात. त्या काळी हे बघून भलेभले खुर्चीत पाय वर घेऊन बसायचे.

ही विहीर कुठली? आमच्या वसईतली, माझा दोस्त इनास याच्या वाडीतली. सिनेमावाले दोन दिवस तिथं येऊन शूटिंग करून गेले. इनास म्हणजे केळीवाला. अजूनही दर गुरुवारी टेम्पोत केळी आणि भाजी घालून बोळिंजला आमच्या सोसायटीच्या गेटपाशी येतो. माणूस कधी हसत नाही, कधी रागावत नाही. तोंड कायम चर्चमध्ये मिस्साला बसल्यासारखं.

आता मी भूत कसा झालो? आळसानं.

तेव्हा माझं विरारला कॅसेटचं दुकान होतं आणि बिऱ्हाड मनवेलपाड्यात, चाळीत. नुकतंच लग्न झालेलं. एका दुपारी बायकोला हा सिनेमा दाखवला आणि पस्तावलो. सुमन पाण्याच्या टाकीकडे जाईना. म्हणे, टाकीतून हात आला तर? दोन दिवस पाणी मी भरलं. अख्ख्या चाळीतल्या बायका मला बघून पदरात तोंड लपवत होत्या. तिसऱ्या दिवशी बादली उचलताना तोंडातून निघून गेलं, "अगं, घाबरतेस काय? तो हात माझाच आहे. ते भूत मीच केलंय."

सुमननं माझ्याकडे असं बघितलं, जसं आपण मापात पाप करणाऱ्या वाण्याकडे बघतो. पण नेमका इनास तिथं बसला होता. कॅसेट परत करायला आलेला, हातात चहाची बशी.

"खरं आहे, वहिनी," तो म्हणाला. "माझ्याच वाडीतली विहीर ना? मुंबईचा नट म्हनला पानी थंड आहे, मी नाय उतरनार. मग याला उतरवला. मी माझ्या डोळ्यांनी बघितला."

बघा, खोटं बोललो मी, पण त्याला असा झकास साक्षीदार मिळाला की थोड्या दिवसांनी माझाच माझ्यावर विश्वास बसला. सुमन टाकीवर जायला लागली. चाळीत पोरं मला भूतकाका म्हणायला लागली. लग्नकार्यात लोक हात बघायला मागायचे. मी दाखवायचो.

आणि कुणी पडताळून बघेल अशी भीतीच नव्हती. आमच्या धंद्यात मूळ कॅसेटची कॉपी, त्या कॉपीची कॉपी, तिची पुन्हा कॉपी, असं चालायचं. दुकानात यायची ती पाचवी-सहावी. तिच्यात भूत सोडा, नायिका कुठली आणि माड कुठला हे आवाजावरून ओळखायचं. पुढं सीडी आली, मग डीव्हीडी आली, पण अंधार तोच. त्या अंधारावर माझं चांगलं चाललं होतं.

खरं काय ते तुम्हाला म्हणून सांगतो. शूटिंगला मी हजर होतो, एवढं खरं. गर्दीत कंदील धरून उभे राहणारे गावकरी हवे होते, त्यात मला उभा केला होता. भूत वर आलं तेव्हा मी जरा बाजूला झालो होतो. किती बाजूला, ते पुढं येईलच.

मग आली सून. केतकी. मुंबईत नोकरी करते, पण जीव सगळा जुन्या भुताच्या सिनेमांत. कपाटात साड्या कमी आणि डिस्का जास्त. मुलगी बघायला गेलो तेव्हा तिनं आमच्या चिरंजीवांना दोन प्रश्न विचारले आणि मला बावीस. विहिरीत किती वेळ होता, चिखल कसला होता, केस खरे होते का. मी काय, सुटलोच. पुढं तिनं तोंडावर सांगितलं, "बाबा, खरं सांगू? मी होकार दिला तो निम्मा तुमच्यामुळे." आमच्या मुलाला अजून वाटतं की ती गंमत होती.

आता तुम्हीच सांगा, अशी सून कुणाला मिळते? सासऱ्याला मान देणाऱ्या सुना असतात. सासऱ्याला भूत म्हणून मान देणारी माझीच.

तर मागच्या दिवाळीनंतर एक दिवस ती मोबाइल घेऊन माझ्यासमोर बसली. "बाबा, आपला सिनेमा नव्यानं निघतोय. परदेशातल्या एका कंपनीनं मूळ निगेटिव्ह शोधून काढली. एकेक चित्र धुऊन पुसून साफ केलंय. घेऊ का? डीव्हीडी आहे आपल्याकडे, पण..."

"आहे ना? मग परत कशाला? घरात पाटा असताना कुणी दुसरा पाटा आणतं का?"

"नमुना तरी बघा."

तिनं दाखवलं. आणि खोटं कशाला बोलू, मी गार पडलो. नायिका कंदील घेऊन जिना चढते तो तुकडा होता. मी तो हजार वेळा पाहिलाय, म्हणजे काळोखात एक पिवळा ठिपका वर जाताना पाहिलाय. इथं कंदिलाच्या काचेवरची काजळी दिसत होती. जिन्याच्या कठड्यावर कोरलेली वेल दिसत होती. भिंतीवर तिची सावली तिच्याआधी एक पायरी चढत होती. ही सावली कुणी तरी मुद्दाम तशी पाडली असणार, दिवा हलवून हलवून, घाम गाळून. आणि आम्ही कॅसेटवाल्यांनी ती चाळीस वर्षं लोकांना दाखवलीच नाही. मला त्या न पाहिलेल्या दिवेवाल्याच्या पाया पडावंसं वाटलं.

पण लगेच विहीर आठवली. जिथं काजळी दिसते तिथं तोंड दिसणार नाही?

"नको घेऊस," मी म्हणालो. "भीती अंधारात असते. भुताला आंघोळ घातली तर ते भूत राहील का? पाहुणा होईल."

केतकी माझ्याकडे बघतच राहिली. डोळ्यांत पाणी. "बाबा, तुम्ही किती लाजता. दुसरा असता तर स्वतःला बघायला धावला असता."

झालं. मी जितका नको म्हणालो तितका मी थोर ठरलो. तिनं डिस्क मागवली. मी म्हणालो, आपलं आपण घरात बघू; तिला वाटलं विनय. तिनं सोसायटीचा हॉल घेतला. मी म्हणालो, लोकांना कशाला त्रास. तिनं पाटीवर कागद लावला, 'आपल्या सोसायटीतील कलाकार'. मी म्हणालो, माझी तब्येत बरी नाही. तिनं माझ्यासाठी पहिल्या रांगेत गादीची खुर्ची ठेवली.

शेवटी गुरुवारी गेटपाशी इनासला गाठलं. तो केळी मोजत होता.

"इनास, वाचव. सगळं स्वच्छ दिसणार आहे."

"बरं मग?"

"बरं मग काय? भुताचं तोंड माझं नाही. सुनेसमोर माझं काय राहील?"

त्यानं शांतपणे घड टेम्पोत ठेवला. "तोंडावर चिखल आहे ना? कोन ओळखनार? मी येतो रविवारी. मला पन बघायचाय धुतलेला."

मला केवढा धीर आला. म्हटलं, साक्षीदार शेजारी असला की निम्मी केस जिंकली.

रविवारी चार वाजता हॉल भरला. खिडक्यांवर चादरी. पहिल्या रांगेत मी, उजवीकडे सुमन, डावीकडे इनास, पांढऱ्या शर्टात. सिनेमा सुरू झाला आणि अर्धा तास मी माझं संकट विसरलो, इतका तो देखणा होता. वाडीतल्या केळीच्या पानांच्या शिरा मोजाव्यात. रहाटाच्या लाकडाला आलेलं शेवाळ दिसत होतं. जिवंत माणसं गेली, वाडीचा निम्मा तुकडा गेला, पण ती दुपार तिथं तशीच्या तशी होती.

मग विहीर आली.

पाणी हललं. केस वर आले. तोंडावर चिखलाचा असा थर की सख्ख्या आईनं ओळखलं नसतं. मी श्वास सोडला. केतकीनं मागून माझा खांदा दाबला. मी मान हलवली, थोर माणूस हलवतो तशी.

आणि हात काठावर आला. कॅमेरा अगदी जवळ. प्रत्येक बोट वेगळं, नखातला चिखलसुद्धा वेगळा. आणि डाव्या हाताची करंगळी अर्धीच.

आता आमच्या सोसायटीत कोण काय करतं हे कुणाला ठाऊक नसेल, पण अर्धी करंगळी सगळ्यांना ठाऊक आहे. लहानपणी कोयत्यानं गेलेली. दर गुरुवारी तोच हात आम्हाला केळी देतो.

सगळा हॉल पडद्याकडून इनासकडे वळला. इनास पडद्याकडे बघत होता, मिस्साला बसल्यासारखा.

"इनासकाका, हे तुम्ही?" केतकी उठून उभी राहिली.

"थांब, बाय," तो म्हणाला. "पुढं बघ. खरी मजा पुढं आहे."

पुढं गावकरी होते. माझ्या कॅसेटमध्ये इथं नुसता काळा डाग होता. मला वाटायचं रीळ खराब आहे. तो डाग आता धुऊन निघाला. दहा-बारा माणसं कंदील धरून, डोळे मोठे करून, घाबरल्याचं सोंग करतायत. आणि कोपऱ्यात कल्ले राखलेला एक तरुण कंदील फेकतो, वळतो, समोरच्या केळीला आईसारखी मिठी मारतो, केळ मुळासकट उपटून येते, आणि दोघं आडवी होतात. तरुण खाली, केळ वर. मग केळीखालून दोन पाय बाहेर येतात आणि केळीसकट पळायला लागतात.

केतकीनं चित्र थांबवलं. पडद्यावर माझं तोंड, ताटाएवढं.

"बाबा..." पोरीनं तरीही मला सावरून घेतलं. "रात्रीच्या वेळी, अंधारात, कुणीही घाबरेल."

"रात्र कुठली?" इनास म्हणाला. "दुपारचे तीन वाजले होते. कॅमेऱ्याला निळी काच लावायचे, की रात्र. डायरेक्टर म्हनला, बाकी सगळे नाटक करतात, हा एकटा खरा आहे. याचा तुकडा ठेवा."

हॉल जो कोसळला, तो पाच मिनिटं उठला नाही. माझा साक्षीदारच भूत निघाला होता, आणि मी आयुष्यभर लोकांना टोप्या घालत फिरलो तो त्याच्यासमोर. मी वाकून त्याच्या कानात म्हणालो, "चाळीस वर्षं गप्प का बसलास, मेल्या?"

"वहिनी भुताला घाबरलेल्या ना. भूत मी आहे म्हटलं असतं, तर मला त्या घरात चहा कोन देनार होता?"

मी उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर त्याच्या पाया पडलो. थट्टेत मी ज्याला शिष्य समजत होतो तो माझा गुरू होता. केतकीनं टाळ्या वाजवल्या. म्हणाली, "बाबा, भूत कुणीही करेल. असं घाबरणं मी कुठल्याच सिनेमात पाहिलेलं नाही." सून शाबूत राहिली, हो. आता तिच्या मैत्रिणींना ती त्या सिनेमाची नवीन डिस्क का घ्यावी हे सांगते, तर कारण म्हणून मला दाखवते. मीही सांगतो, जरूर घ्या. जुनी आहे म्हणून थांबू नका. अंधारात काय काय राहून गेलंय ते कळत नाही माणसाला.

आणि सुमन? ती हॉलमधून सरळ घराकडे निघाली. मला धाकधूक. घरी आल्यावर तिनं केतकीला डिस्क लावायला सांगितली. तोच तुकडा. मग परत. मग परत. चौथ्यांदा लावला तेव्हा पदर तोंडाला लावून, डोळे बारीक करून बघत होती. माझं मन भरून आलं. कल्लेवाला तरुण नवरा चाळीस वर्षांनी इतका स्पष्ट दिसतोय, बायकोला काय वाटत असेल.

"अगं," मी हळूच म्हणालो, "तुला आता भुताची भीती नाही वाटत?"

"भुताकडे बघतंय कोण," ती म्हणाली.

मी सरकून जवळ बसलो. "मग?"

"त्या केळीकडे बघतेय. बिचारीचं काय चुकलं होतं?"