रक्तातलं पालाश

बारामतीच्या ज्या कॉलेजात मी शिकवते, तिथं फळ्यावर लिहिता लिहिता माझी बोटं आखडली. खडू सुटेना. मग पोटऱ्यांत गोळे आले आणि मी मुलांसमोर खालीच बसले. दवाखान्यात रक्त घेतलं, ईसीजी काढला आणि डॉक्टरबाईंनी मला उठूच दिलं नाही. पोटॅशियम फार खाली गेलं होतं, हृदयाचे ठोके चुकत होते. निरोप मिळताच आमच्या कळस गावाहून आबा, म्हणजे माझे वडील, मोटारसायकलवर आले.

रिपोर्ट पाहून आबांनी एकच विचारलं, पोटॅशियम म्हणजे पालाशच ना? बाई हो म्हणाल्या आणि आबांच्या जिवात जीव आला. त्यांचा जन्म द्राक्षबागेत गेलेला. पानांच्या कडा करपल्या की पालाश कमी. देठ तपासायला पाठवायचे, ठिबकमधून खत सोडायचं, बाग सुधारते. माझ्या दुखण्यातलं त्यांना कळेल असं काहीतरी अखेर सापडलं होतं. शहाळी आणि केळी यांचा रतीब सुरू झाला.

उलट्या होतात का, असं बाईंनी विचारलं होतं. मी तोंड उघडायच्या आत आबाच म्हणाले, "न्हाय, न्हाय. जेवण चांगलं हाय तिचं. दोन माणसांचं जेवती." किती कौतुकानं म्हणाले. खरंही होतं ते. दोन माणसांचं जेवत होते आणि एकाचंही पोटात ठेवत नव्हते. वसतिगृहात असताना लागलेलं हे खूळ तिशीतही सुटलं नव्हतं. उलटीतल्या आम्लानं दात झिजून कडा पारदर्शक झाल्या होत्या. कानाखालच्या ग्रंथी सुजून गाल फुगले, तर चुलती म्हणाली, तब्येत छान झाली हं आता. माझा संताप संताप झाला. त्या दिवशी घरी येऊन मी काय केलं ते लिहीत नाही.

सलाइनमधून पोटॅशियम चढायचं, घरी आलं की पुन्हा उतरायचं. आबा विचारात पडले. "दिल्यालं ऱ्हात न्हाय, म्हंजी कुठंतरी वाहून जातंय," ते म्हणाले. मला वाटलं, ओळखलं यांनी. पण त्यांचा संशय गेला विहिरीवर. शेजारच्या उसाला ढीगभर खत पडतं, ते पाझरून पिण्याच्या पाण्यात उतरत असणार. त्यांनी पाणी तपासून आणलं. पाणी जड निघालं, बाकी काही नाही. तरी स्वयंपाकघरातलं विहिरीचं पाणी बंद करून त्यांनी जार लावले. मला त्यांचा भयंकर राग यायचा. घडात एक मणी सडला तर लांबून ओळखणारा हा माणूस, ह्याला घरातलं दिसू नये? त्यांनीच शोधून काढावं, मला सांगायला लागू नये, एवढीच माझी इच्छा होती.

पुढच्या खेपेला डॉक्टरबाईंनी आबांना बाहेर बसवलं. क्लोराइडही कमी, बायकार्बोनेट वाढलेलं, अमायलेज वाढलेलं, आणि वर हे दात. सगळं एकच सांगतंय, उलट्या, त्या म्हणाल्या, आणि हृदय प्रत्येक वेळी दवाखान्यापर्यंत थांबेल असं नाही. त्यांनी पुण्याच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली.

परतताना भवानीनगरजवळ उसाच्या ट्रॉल्यांमागं गाडी अडकली. आबांच्या पाठीकडं बघत मी म्हणाले, "आबा, मी खाल्लेलं ओकून टाकते. मुद्दाम."

त्यांनी गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं. मग मान न वळवता म्हणाले, "काय कमी पडलं गं तुला?"

काहीच कमी पडलं नव्हतं. पडलं असतं तर त्यांनी कुठूनही आणून घातलं असतं.

आता पुण्याचे उपचार चालू आहेत, गोळ्या आहेत. आबांनी दुपारचं बागेत जाणं सोडलं. माझं जेवण झालं की न्हाणीघराच्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसतात. सुरुवातीला त्यांच्या लाजेनं मी आत गेलेच नाही. मग एकदा गेले. नंतर ते बाहेर बसलेले असतानाही जायला लागले. परवाच्या तपासणीत पोटॅशियम पुन्हा उतरलेलं निघालं.

आज दारापलीकडून ते हळूच म्हणाले, "पोरी, बास की आता."

मला ऐकू आलं. रडूही आलं. थांबता मात्र आलं नाही.