एका पायावरचा शिपाई

बोलपट यायच्या आधीची गोष्ट. सोलापुरातल्या एका थेटरात विलायतेहून आलेला एक मूकपट लागला होता. पोलीस व्हायला निघालेल्या पाच बिनकामाच्या गड्यांची गोष्ट होती ती. एक इतका जाड की कमरेचा पट्टा बसेना, एक इतका उंच की टोपी दाराला अडकून मागंच राहायची, एकाला घोडा पाठीवर टिकू देईना, एकाला कमी दिसायचं म्हणून तो दिव्याच्या खांबाला सलाम ठोकायचा, आणि पाचवा नुसता भित्रा. त्यांना कवायत शिकवणारा मिशाळ जमादार स्वतःचेच केस उपटायचा. अख्खं सोलापूर पोट धरधरून हसलं. मी तो सिनेमा तीन आठवडे रोज दोन वेळा पाहिला आणि मला एकदाही हसू आलं नाही. कारण त्याच्या आठ-दहा दिवस आधीच मला खऱ्या पोलिसांच्या मैदानावरून हाकललं होतं.

आमचं घर धनगराचं. मंगळवेढ्याच्या पलीकडं आमची वाडी. तिकडं पाऊस पडला तर पडला, नाहीतर मेंढरं घेऊन निघायचं. मामाच्या हट्टामुळं माझ्या चार इयत्ता झाल्या होत्या. उंची मापात बसली, छाती बसली, नाव लिहिता आलं, म्हणून पोलिसांत कच्चा शिपाई म्हणून घेतलं. पाच महिने कवायत शिकायची, मग मोठा साहेब तपासणी करणार, आणि त्यात पास झालेला तो पक्का.

डावा-उजवा मला महिन्याभरात येऊ लागला. चालताना घाबरलो की मात्र हात आणि पाय एकाच बाजूचे पुढं यायचे, पण तेही कमी होत चाललं होतं. माझं घोडं अडलं ते उभं राहण्यात. धनगर कसा उभा राहतो ते तुम्ही पाहिलं असेल. काठी पुढं रोवायची, तिच्यावर दोन्ही हात, हातांवर हनुवटी, एक पाय जमिनीवर आणि दुसऱ्याचा तळवा पहिल्याच्या गुडघ्याला टेकवलेला. मेंढरं चरत असली की असं दोन-दोन तास उभं राहता येतं, थकवा येत नाही. मी वयाच्या सहाव्या वर्षापासून असाच उभा राहत आलो होतो. मैदानावर हातात बंदूक आली, तिचा दस्ता जमिनीला लागला, की माझ्या पायाला वाटायचं ही काठीच. तो आपोआप वर यायचा. मला कळायचंसुद्धा नाही. हवालदाराची छडी पोटरीवर बसली की कळायचं.

"आरं बगळ्या, पाय टेक!" तो ओरडायचा. पुढं सगळं मैदानच मला बगळ्या म्हणू लागलं. मी काय काय केलं नाही! झोपायच्या वेळी दोन्ही घोटे पंचानं बांधून झोपलो. पायात शेर-शेराचे दगड अडकवून उभा राहिलो. पाय शहाणा होईना. आपलाच पाय आपलं ऐकत नाही यासारखी लाज नाही.

पाचव्या महिन्यात घरून पत्र आलं. बापाला अक्षर येत नव्हतं, शाळेच्या मास्तरांकडून लिहून घेतलं होतं. धाकट्या बहिणीची सोयरीक होटगीच्या बाजूच्या एका घरात जमत आली होती. घर खातंपितं, मेंढरं भरपूर. पण त्यांची मेंढरं सारखी कोंडवाड्यात जायची, शेतकऱ्यांशी रोजची मारामारी, म्हणून त्यांना पोलिसातला सोयरा हवा होता. 'पोरगा पक्का झाला का, एवढं कळव म्हणतात,' असं बापानं विचारलं होतं. बहीण सतरा वर्षांची झाली होती. त्या काळी आमच्यात सतरा म्हणजे घोडनवरी, आणि आई नसलेल्या पोरीला स्थळ आपणहून येत नसतं. तपासणीला दहा दिवस होते. मी कार्डावर लिहिलं, 'झालो.' दहा दिवसांनी खरं होणारच आहे, मग आज लिहिलं तर काय बिघडलं, असा हिशेब मी केला. तो गाढवपणा होता.

तपासणीच्या दिवशी साहेबाला यायला उशीर झाला. काळ्या मातीचं मैदान, डोक्यावर चैत्राचं ऊन, आणि आम्ही ताठ उभे. मी मनात बिरोबाला नवस बोलत होतो आणि खाली पायाकडं लक्ष ठेवत होतो. पण समोर निंबाच्या सावलीला कुणाच्या तरी चार शेळ्या चरत आल्या. त्यातली एक गाभण होती, तिची चाल जडावलेली. आज-उद्या विणार, असं मी मनाशी म्हटलं आणि बघत राहिलो. साहेब माझ्यासमोर आला तेव्हा मी एका पायावर होतो, हनुवटी बंदुकीच्या नळीवर. साहेब रागावलासुद्धा नाही. इंग्रजीत काहीतरी बोलला आणि सगळे अंमलदार हसले. दुपारच्या आत माझ्या अंगावरचे कपडे जमा करून घेतले.

त्या दिवशी मी सिद्धेश्वराच्या तळ्याच्या पायरीवर दिवस मावळेपर्यंत बसलो होतो. पाण्यात उतरावं असं मनात आलं नाही म्हटलं तर खोटं होईल. घरी जाऊन सांगायचं तर सोयरीक मोडणार, न सांगावं तर लग्नानंतर कळणार आणि पोरीला घरी आणून सोडणार. आठवडाभर मी गिरणीच्या दारात उभा राहिलो. भोंगा व्हायचा, माणसं आत जायची, मी बाहेरच. पक्का झालो असं लिहिलेलं कार्ड केव्हाच वाडीवर पोचलं होतं, साखरपुडा झाल्याचं उत्तरही आलं होतं. लग्न वैशाखात.

अशात थेटरचा मॅनेजर भेटला. नव्या सिनेमाच्या जाहिरातीची मिरवणूक काढायची होती. पुढं बँड, मागं बैलगाडीत रंगवलेले बोर्ड, आणि मधे पोलिसाच्या सोंगात एक माणूस. त्याला कवायत येणारा गडी हवा होता. मला येते म्हणालो. "चालून दाखव," म्हणाला. भीतीनं माझा डावा हात आणि डावा पाय बरोबरच पुढं आला. मग उभं राहायला सांगितलं तर एक पाय वर. मॅनेजर हसून हसून खुर्चीतून पडायचा राहिला. ज्याच्यासाठी मैदानावर पाच महिने मार खाल्ला, त्याच्यावर मला तिथं दोन वेळचं जेवण आणि थेटरमागं निजायला जागा मिळाली.

शिंप्यानं गणवेश शिवला. खऱ्या पोलिसाचा दिसला तर पोलीस धरतील आणि पोलिसाचा नाही दिसला तर लोक हसणार नाहीत, म्हणून ढगळ निळा कोट, भलीमोठी पिवळी टोपी आणि लाकडाची बंदूक. सकाळी मिरवणूक, दुपारी आणि संध्याकाळी थेटरच्या दारात उभं राहायचं. पडद्याशेजारी एक माणूस चित्रांची माहिती मोठ्यानं सांगायचा, एकदा मराठीत, एकदा दखनीत, आणि विणकरांची गर्दी असली तर तेलुगूतही. शेवटी ते पाचही गडी चुकून एका दरोडेखोराच्या अंगावर पडतात, तो धरला जातो, आणि साहेब सगळ्यांच्या छातीवर बिल्ले लावतो. माहिती सांगणारा ओरडायचा, "पास! समदे पास!" लोक टाळ्या पिटायचे. मला त्या जागी पडदा फाडावासा वाटायचा. त्या पाचांपेक्षा मी किती बरा होतो! मला निदान खांब आणि साहेब यातला फरक कळत होता.

दुसऱ्या आठवड्यातला मंगळवार. सोलापूरचा बाजार. मिरवणूक बाजारातून नेली तर गर्दी आयती मिळते, म्हणून मॅनेजरनं तिकडं वळवली. मी म्हणालो, बाजारात नको. तो म्हणाला, मग उद्यापासून येऊ नकोस. मी टोपी खाली ओढली आणि चाललो.

मेंढरांच्या बाजाराजवळ मॅनेजरनं इशारा केला. बँड थांबला आणि मी माझा एक पाय वर घेऊन बंदुकीवर हनुवटी टेकली. हशा उसळला. तेवढ्यात गर्दी बाजूला सारत एक म्हातारा पुढं आला. डोक्याला लाल पटका, खांद्यावर घोंगडं. माझा बाप. लग्नासाठी मेंढरं विकायला आला होता.

तो माझ्याकडं बघतच राहिला. पुढं बँड, मागं गाडी, आणि मधे गणवेशातला पोरगा, आपल्यासारखाच उभा. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. कमरेची पिशवी सोडून त्यानं मूठभर भंडारा काढला आणि माझ्या डोक्यावर उधळला. "बिरोबाच्या नावानं चांगभलं!" हा आवाज माळावर एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीवर जाणारा. टोपी आधीच पिवळी, आता कोटही पिवळा, माझ्या डोळ्यांत हळद. लोकांना वाटलं हाही सोंगातलाच. ते असे हसले की बैल बिचकले. आणि बापाला वाटलं, सगळं सोलापूर आपल्या पोराच्या आनंदात हसतंय. तो वळला आणि चारी बाजूंनी लोकांना हात जोडू लागला.

पाय खाली घ्यायचंही मला सुचलं नाही.

मॅनेजर धावत आला. "म्हातारा कुठनं पैदा केलास? रोज आण याला. जेवण याचंही देतो."

"काय म्हंतोय त्यो सायेब?" बापानं मला विचारलं.

तिथं मला खोटं बोलता आलं असतं. शाबासकी देतोय म्हणालो असतो तर तो मेंढरं विकून वाडीवर गेला असता, लग्नही झालं असतं. पण हात जोडून फिरणारा बाप माझ्या डोळ्यांपुढून जाईना. मी त्याला गाडीच्या आडोशाला घेतलं आणि सगळं सांगितलं. कार्ड खोटं, कपडे खोटे, बंदूक लाकडाची.

बापानं बंदुकीला बोट लावून बघितलं. मारेल असं वाटलं होतं, मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं पटक्याचं टोक काढलं आणि माझ्या खांद्यावरचा भंडारा हळूहळू त्यात झाडून घेतला. "देवाचा हाय," एवढंच म्हणाला. टोपीवरचा घेतला, बाह्यांवरचा घेतला, गाठ मारली. मग विचारलं, "सोयऱ्यास्नी कोन सांगनार? तू का मी?"

"मी सांगतो, आबा."

"मग आत्ताच चल. ह्या कापडावर चल. त्यास्नी बी बगू दे."

मेंढरं बाजारात गाववाल्याच्या हवाली करून आम्ही होटगीच्या वाटेला लागलो. दिवस कलायच्या आत पोचलो. नवऱ्या मुलाचा बाप अंगणात लोकर साफ करत बसला होता. मला पोलीस समजून तो गडबडीनं उठला, घोंगडं अंथरलं. मी उभ्यानंच सगळं सांगून टाकलं. एका पायाचंही सांगितलं.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "दाव बगू."

"काय?"

"बाजारात काय करत व्हतास ते."

घरातली माणसं दारात जमली. मी बंदूक टेकवून एका पायावर उभा राहिलो. कुणी हसलं नाही. ती सगळी धनगरं, त्यांना त्यात काही वेगळं दिसलंच नाही. "ह्यापायी काडलं तुला?" सोयऱ्यानं विचारलं. "आमी बी आसंच हुबं ऱ्हातो की." क्षणभर मला वाटलं, जगात एवढं एकच अंगण आहे जिथं मी पास झालो असतो.

"आन चालत्यात कसं?"

मी चाललो. डावा हात, डावा पाय. उजवा हात, उजवा पाय. आधी पोरं हसली, मग बायका, मग तो स्वतः. हसता हसता त्याला ठसका लागला. माझा बाप घोंगड्यावर बसून जमिनीकडं बघत होता. मी थांबलो नाही. अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिलो, कारण तो हसतोय तोवर सोयरीक मोडली असं म्हणत नाहीये, एवढंच मला कळत होतं.

शेवटी डोळे पुसत तो म्हणाला, "पोरगी कष्टाची हाय, आमी बगितलीया. पोलीस न्हाय तर न्हाय. पन पाव्हणं, लग्नात वऱ्हाडाफुडं ह्येनं आसंच चालून दावायचं. आमच्या भावकीला बी हसू द्या की."

बापानं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली.

वैशाखात लग्न झालं. अक्षता पडल्यावर मांडवातच मी तो ढगळ कोट घालून चाललो. वऱ्हाड लोटपोट हसलं. बहीण मुंडावळ्यांआडून बघत होती. तिला आधी कुणी काही सांगितलं नव्हतं.

पुढं मला एका वखारीत काम मिळालं आणि सणासुदीला मी तिच्या घरी जात राहिलो. तिथं चालून दाखवल्याशिवाय तिची पोरं मला अंगणात पाय ठेवू द्यायची नाहीत. "मामा, पोलीस करून दावा!" तिचा सासरा खाटेवरून म्हणायचा, "आरं चाल की, पोरं वाट बगत्यात." मी चालायचो. बहीण हातातलं काम टाकून आत जायची. एका दिवाळीला ती मला वाटेला लावायला शेताच्या कडेपर्यंत आली. फडक्यात बांधलेल्या भाकरी हातात दिल्या आणि खाली बघत म्हणाली, "दादा, तू आता हिकडं येत जाऊ नगंस."

मी बरं म्हणालो आणि निघालो.